सागवानी जमिनीवरचे मेण: आधी उतरवा, मग चढवा

वाचकाचे पत्र: प्रभात रस्त्यालगतच्या एका गल्लीत आमचे आजोबांनी बांधलेले दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांना सागवानी फळ्यांची जमीन आहे. आजी असेपर्यंत दर दिवाळीच्या आधी तिला मेणाचे पॉलिश होत असे आणि वर्षभर ती कोरडीच झाडली जात असे. गेली सहा-सात वर्षे मात्र ती घरातल्या इतर फरशीबरोबर फिनाईलच्या पाण्याने पुसली जाते. तेज गेले म्हणून मी दोन वेळा बाजारातील मेणपॉलिश वरून लावले. तरीही दारापासून पलंगापर्यंतची वाट करडी दिसते, बाकीच्या जागी पाय किंचित चिकटतो, मध्येच पांढुरके डाग उमटले आहेत आणि खिडकीखाली पावसाचे पाणी आल्याने काळे डाग पडले आहेत. एका कंत्राटदाराने मशिनने सगळी जमीन तासून वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या कडक पारदर्शक लेपाचा, थर देण्यास सांगितले आहे. शेजारच्या काकू खोबरेल तेल चोळा म्हणतात. काय करणे योग्य ठरेल? – एक वाचक, पुणे ४

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील प्रश्नाचे उत्तर प्रथम सांगतो आणि कारणे मागाहून देतो. जमीन तासू नये, तिला खोबरेल तेल लावू नये आणि सध्या तिच्यावर आणखी मेणही चढवू नये. आपण केलेले वर्णन मेण संपलेल्या जमिनीचे नाही. काही जागी मेण झिजून गेलेल्या आणि उरलेल्या जागी जुने, मळलेले मेण साचून राहिलेल्या जमिनीचे आहे. दोन वेळा वरून लावलेले पॉलिश त्या मळावर बसले, आणि म्हणून चकाकी येण्याऐवजी चिकटपणा वाढला. जुने मेण पूर्ण उतरवून, लाकूड कोरडे होऊ देऊन, त्यावर अगदी पातळ असे दोन किंवा तीन हात दिले, तर आजींच्या वेळची जमीन आपल्याला परत मिळेल असे मला आपल्या वर्णनावरून निश्चित वाटते.

मेणाचा स्वभाव लक्षात घेतला की पुढचे सगळे आपोआप उलगडते. वॉर्निश किंवा पीयू सुकताना त्यांच्यात रासायनिक बदल होतो आणि त्यांचा एक कडक पापुद्रा तयार होतो, जो पुन्हा विरघळत नाही. मेणाचे तसे होत नाही. पॉलिशमधील टर्पेंटाइन उडून जाते आणि मागे मेण जसेच्या तसे उरते. ते मऊच राहते आणि वीस वर्षांनंतरही टर्पेंटाइनने पुन्हा विरघळते. यामुळे मेणाची जमीन लवकर झिजते, पाण्याने लवकर डागाळते आणि वरचेवर हात मागते हे खरे. परंतु याच कारणामुळे तिचा हातभर तुकडाही स्वतंत्रपणे दुरुस्त करता येतो आणि जोड दिसत नाही. मला हा गुण फार मोलाचा वाटतो, आणि पीयूच्या जमिनीत तो नसतो.

पुण्याच्या हवेचाही येथे मोठा वाटा आहे. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, पण मऊ पडायला त्याच्या कितीतरी आधी, पस्तिशीच्या आसपासच सुरुवात करते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेचे ऊन येणाऱ्या खोलीत एवढे तापमान सहज होते. मेणाचा थर कागदासारखा पातळ असेल तर त्याने काही बिघडत नाही. मात्र तो जाड असेल, तर वैशाखातली सगळी धूळ त्यात रुतून बसते आणि पावसाळ्यात तीच धूळ ओल धरते. आपला पाय चिकटतो तो या थरामुळे. पांढुरके डाग बहुधा मेणाच्या थरात शिरलेल्या ओलाव्याचे आहेत, आणि ते लाकडापर्यंत गेलेले नसल्याने त्यांची काळजी करू नये. फिनाईलमधील तेलकट व साबणासारखे घटक मेणाला मऊ करतात व स्वतःचाही एक पुसट थर मागे ठेवतात. त्यामुळे रोजच्या पुसण्याने जमीन स्वच्छ होत नव्हती, उलट मेण आणि मळ एकजीव होत होते.

कंत्राटदाराचा सल्ला सरसकट चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. त्या खोल्यांत स्वयंपाकघर करायचे असते किंवा जमीन रोज ओल्या फडक्याने पुसण्यावाचून गत्यंतर नसते, तर पीयूचा विचार मीही केला असता, कारण पाण्यापुढे तो मेणापेक्षा पुष्कळ टिकतो. परंतु झोपायच्या आणि बसायच्या खोल्यांसाठी त्याची किंमत फार मोठी आहे, आणि ती केवळ पैशांची नाही. जुन्या घरांतल्या फळ्या अनेकदा एकमेकींत खाच आणि जीभ घालून जोडलेल्या असतात. जिभेच्या वर असलेले लाकूड जेमतेम पाव इंच जाड असू शकते. मशिनने तासताना त्यातलाच भाग कायमचा जातो, पुरलेल्या खिळ्यांची डोकी उघडी पडतात आणि कित्येक दशकांत सागवानाला आलेला तो तांबूस-मधाळ रंग भुशाबरोबर निघून जातो. शिवाय पीयू मेणावर धरत नाही. फळ्यांच्या सांध्यांत आणि लाकडाच्या छिद्रांत मेणाचा अंश राहिला, तर तेथे थराला खळगे पडतात किंवा काही महिन्यांनी पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या फळ्यांवर हा कडक थर सांध्यांपाशी चिरतो, आणि एकदा चिरला की पुन्हा सगळी जमीन तासण्याखेरीज उपाय उरत नाही. मेणाची जमीन सुधारण्याचा प्रयत्न फसला तर तासण्याचा पर्याय नंतरही आपल्या हातात राहतो. तासलेले लाकूड मात्र परत आणता येत नाही.

काकूंचा सल्ला मायेपोटी दिलेला आहे, तरीही तो मानू नये. तेलांचे दोन प्रकार असतात. जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते. खोबरेल तेल कधीच सुकत नाही. ते लाकडात तसेच ओले राहते, त्याला खवट वास येतो, त्यावर धूळ बसते, आणि पुढे त्या जागी मेण धरत नाही. पहिल्या दिवशी जमीन छान गडद व तजेलदार दिसते, म्हणून हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पण पहिल्या दिवसाचे तेज हे ओलेपणाचे तेज असते. बाजारात मिळणाऱ्या, फवारून चमक आणणाऱ्या फर्निचर पॉलिशबद्दलही हेच सांगेन, कारण त्यांपैकी अनेकांत सिलिकोन असते आणि ते लाकडात मुरले की पुढचे प्रत्येक पॉलिश त्रास देते.

काम हाती घेण्यापूर्वी एक छोटी परीक्षा करावी. कपाटाखालची किंवा पलंगामागची, सहसा नजरेस न पडणारी तळहाताएवढी जागा निवडावी. पांढरे सुती फडके टर्पेंटाइनमध्ये भिजवून तेथे अर्धा मिनिट चोळावे. फडक्यावर पिवळट-तपकिरी रंग आला आणि बोटाला मेणचटपणा लागला, तर वरचा थर मेणाचाच आहे. ती जागा स्वच्छ झाल्यावर तेथेच फ्रेंच पॉलिशवाले वापरतात त्या स्पिरिटचे दोन थेंब टाकावेत आणि मिनिटभराने बोट लावून पाहावे. तेथे चिकट लागले तर मेणाखाली चपड्याचे, म्हणजे लाखेचे अस्तर आहे असे समजावे. जुन्या कामांत असे अस्तर देण्याची पद्धत होती, आणि ते असेल तर ती आनंदाची गोष्ट आहे, कारण काळ्या डागांची जागा सोडून बाकी लाकूड त्याने राखलेले असेल. त्या स्थितीत पुढील कामात स्पिरिट किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करण्याचा) थिनर जमिनीच्या जवळही आणू नये. ही दोन्ही द्रव्ये लाखेला विरघळवतात, टर्पेंटाइन विरघळवत नाही. अस्तर नसेल तरीही पुढील रीत तीच राहते, फक्त मेणाचा एक हात अधिक लागतो.

आपले पत्र भर पावसाळ्यात आले आहे, म्हणून वेळेविषयी थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. हे काम आत्ता करू नये. काही वर्षांपूर्वी मी स्वतः घाई करून ऑगस्ट महिन्यात आमच्या वाड्यातील माडीच्या जमिनीला मेण लावले होते. गौरी येण्यापूर्वी खोली नीटनेटकी दिसावी एवढाच हेतू होता. हवेत ओल इतकी होती की लाकडातला ओलावा मेणाखाली कोंडला गेला, जमिनीवर धुक्यासारखा पडदा आला आणि दिवाळीपर्यंत तो हटला नाही. शेवटी लावलेले सगळे मेण उतरवून मला पहिल्यापासून काम करावे लागले. पुण्यात यासाठी उत्तम काळ म्हणजे पाऊस पूर्ण थांबून फळ्यांच्या सांध्यांतल्या फटी पुन्हा किंचित दिसू लागतात तो, अर्थात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत लाकूड कोरडे असते, पण तेव्हा दुसरी अडचण येते. टर्पेंटाइनची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकेल असे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि पुण्याची मे महिन्यातली दुपार त्याच्या पुढे जाते. थंडीतली कोरडी सकाळ या दृष्टीनेही सुरक्षित आहे. आजी दिवाळीच्या आधी हे काम करवून घेत असत, यामागे सणाइतकीच ऋतूची जाणही असावी. यंदा मात्र ऑक्टोबरचा पाऊस लांबला, तर दिवाळीचा आग्रह न धरता आपण दिवाळीनंतरच सुरुवात करावी.

मधल्या काळात दोन कामे उरकून घ्यावीत. पहिले काम खिडकीचे. पाणी कोठून येते, चौकटीच्या सांध्यातून की उंबऱ्याच्या उताराने, हे एखाद्या जोरदार सरीत स्वतः उभे राहून पाहावे आणि ते बंद करावे. पाणी येत राहिले तर खिडकीखालचे काळे डाग कितीही काढले तरी परत येतील. दुसरे काम पाहणीचे. फळ्यांवर पिठासारखा बारीक भुसा किंवा टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसतात का, टकटक केल्यावर एखादी फळी पोकळ वाजते का, हे पाहावे. जुन्या सागवानाला कीड सहसा लागत नाही, परंतु कडेची एखादी फळी नंतर बदललेली आणि दुसऱ्या लाकडाची असू शकते. हलणाऱ्या फळ्या आणि वर आलेले खिळे सुताराकडून बसवून घ्यावेत. फिनाईलचे पुसणे मात्र आजपासूनच थांबवावे.

आता मुख्य काम. खोली पूर्ण रिकामी करावी आणि जमीन मऊ केरसुणीने दोनदा झाडून, शक्य असेल तर व्हॅक्यूम क्लीनरने फटींतली धूळ ओढून घ्यावी. वाळूचा एक कण फडक्याखाली सापडला तर तो सबंध फळीवर ओरखडा ओढतो. टर्पेंटाइन रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा जवळच्या कोणत्याही रंगाच्या दुकानात मिळते. तेथे बहुधा खनिज तेलापासून केलेले मिनरल टर्पेंटाइन देतात आणि या कामाला ते पुरेसे आहे. रॉकेल स्वस्त म्हणून वापरू नये. त्याचा तेलकट अंश आणि वास मागे राहतो. खिडक्या-दारे सताड उघडी असावीत, खालच्या मजल्यावरचा गॅस, देवापुढचे निरांजन आणि उदबत्ती बंद असावी, आणि काम चालू असताना खोलीतले विजेचे बटण दाबू नये. हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. घरात दम्याचा त्रास असणारे कोणी असेल, तर त्या दोन दिवसांत त्यांनी दुसरीकडे राहिलेले बरे.

खोलीच्या दारापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यातून सुरुवात करावी आणि एका वेळी तीन फूट लांब, तीन फूट रुंद एवढीच जागा घ्यावी. फडके टर्पेंटाइनने भिजवून जागा ओलसर करावी, ओतू मात्र नये, कारण जास्तीचे द्रव फटींतून खालच्या खोलीच्या छताला उतरते. दोन-तीन मिनिटे मेण मऊ होऊ द्यावे. मग पांढऱ्या नायलॉनच्या मऊ घासणीने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. आडवे किंवा गोल घासू नये. तपकिरी चिखलासारखे मेण वर येऊ लागेल. ते सुकण्याच्या आत स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे आणि फडके मळले की लगेच दुसरे घ्यावे. या पायरीवरच बहुतेकांचे काम बिघडते. एकच फडके सगळ्या खोलीभर फिरवले तर मेण उतरत नाही, ते फक्त एका फळीवरून उचलून दुसऱ्या फळीवर पसरले जाते. जुनी धोतरे, पंचे, सुती साड्या या कामासाठी जमवून ठेवाव्यात आणि अंदाजापेक्षा दुप्पट जमवाव्यात. जेथे पाय चिकटतो तेथे ही क्रिया दोनदा, क्वचित तीनदा करावी लागेल. पांढरे फडके फिरवल्यावर ते जवळपास पांढरेच राहिले, म्हणजे ती जागा झाली.

पांढुरके डाग यातच निघून जातील. एखादा उरलाच, तर सर्वांत बारीक, चार शून्यांचे स्टील वूल टर्पेंटाइनमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवावे आणि नंतर तेथील लोखंडाचा प्रत्येक कण झाडून, चुंबक फिरवून उचलावा. पाण्याबरोबर स्टील वूल कधीही वापरू नये. उरलेले कण गंजतात आणि लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग पावून काळे ठिपके पाडतात.

वापरलेल्या फडक्यांविषयी मी काहीसा आग्रहाने लिहितो. त्यांचा बोळा करून कोपऱ्यात, बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत ठेवू नये. ती गच्चीवर, उन्हापासून आणि आगीपासून दूर, दोरीवर एकेरी पसरून पूर्ण वाळवावीत आणि मगच टाकावीत. जवसाच्या तेलाची फडकी तर बोळा करून ठेवल्यास आतल्या आत तापून आपोआप पेटतात. आपण जवसाचे तेल वापरणार नसलात, तरी जमिनीवर पूर्वी कोणी ते लावले असेल तर त्याचा अंश फडक्यांत येऊ शकतो.

मेण उतरल्यानंतर जमीन निस्तेज, कोरडी, थोडीशी केविलवाणी दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये. एक पूर्ण दिवस खोली उघडी ठेवून टर्पेंटाइन उडू द्यावे.

यानंतर खिडकीखालचे काळे डाग. ते मेणातले नसून लाकडातले आहेत, आणि त्यांचे कारण बहुधा पाणी व लोखंड या दोघांची गाठ हे आहे. जुने खिळे गंजले की त्यांच्याभोवती अशीच काळी वर्तुळे उमटतात. त्यांवर ऑक्झॅलिक आम्ल काम करते. हे विषारी आहे, म्हणून मुले व पाळीव प्राणी खोलीत येणार नाहीत अशी व्यवस्था करून, मोजे, चष्मा आणि मास्क घालूनच ते हाताळावे. प्लॅस्टिकच्या भांड्यात एक लिटर कोमट पाणी घेऊन त्यात सुमारे ५० ग्रॅम स्फटिक विरघळवावेत आणि ब्रशने केवळ डागावर न लावता ती सबंध फळी या सांध्यापासून त्या सांध्यापर्यंत भिजवावी, नाहीतर काळ्या डागाच्या जागी फिकट डाग दिसतो. वीसेक मिनिटांनी ओल्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसून घ्यावे, मग पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून एकदा आणि शेवटी साध्या पाण्याने पुन्हा एकदा पुसावे. आम्ल सुकून त्याची पांढरी पूड दिसली, तर ती झाडू नये किंवा काचकागदाने घासू नये. तिची धूळ श्वासात जाणे वाईट. ओल्या फडक्यानेच ती उचलावी. ज्या फळ्यांवर लाखेचे अस्तर शाबूत आहे तेथे हा उपाय लागूच पडणार नाही, पण डाग पडला आहे तेथील अस्तर बहुधा आधीच गेलेले असते. फळ्या तीन दिवस तरी सुकू द्याव्यात. डाग सौम्य होतील. पूर्ण जातीलच असे नाही. खिळ्यांभोवतीची बारीक काळी वर्तुळे मी स्वतः काढत नाही. ती घराच्या वयाची खूण आहे आणि मेण चढल्यावर ती शोभून दिसतात.

पाण्याने फळीचा पृष्ठभाग किंचित खरखरीत झाला असेल, तर तेवढ्याच जागी ३२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने दोन-तीनदा फिरवावा. दारापासून पलंगापर्यंतच्या करड्या वाटेवरही हेच करावे. तेथला करडेपणा वरवरचाच असतो आणि मेण बसले की बराचसा लोपतो.

मेण कोणते घ्यावे? मधमाशीचे मेण मऊ, सुगंधी आणि लाकडाला ऊब देणारे असते, पण एकटे वापरले तर आपल्या उन्हाळ्यात जमिनीसाठी ते मऊ पडते. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळते आणि अतिशय कडक असते. ते एकटे लावणे अवघड जाते आणि त्याला चकाकी आणताना खांदे भरून येतात. दोहोंचे मिश्रण हवे. जमिनीसाठी तयार मिळणाऱ्या मेणपॉलिशच्या डब्यावर ही दोन्ही नावे असतील आणि सिलिकोनचे नाव नसेल, तर ते खुशाल घ्यावे. आपण घरी करू इच्छित असाल, तर तीन भाग मधमाशीचे मेण आणि एक भाग कार्नोबा असे १०० ग्रॅम मिश्रण ३०० मिलिलिटर टर्पेंटाइनला पुरते. मेणे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, विजेच्या शेगडीवर वितळवावीत. कार्नोबाला उष्णता जास्त लागत असल्याने पाणी चांगले उकळते असावे. मग शेगडी बंद करून भांडे घराबाहेर, गच्चीवर किंवा अंगणात न्यावे आणि तेथेच टर्पेंटाइन हळूहळू ओतत ढवळावे. शेगडी चालू असताना किंवा स्वयंपाकघरात टर्पेंटाइन मिसळणे हा जीवघेणा धोका आहे. थंड झाल्यावर मिश्रण लोण्यासारखे व्हायला हवे. शुद्ध मेणाला मधाचा मंद वास येतो आणि ते हातात मळता येते. स्वस्त मेणात पॅराफिन मिसळलेले असण्याची शक्यता असते, म्हणून मध गोळा करणाऱ्यांकडून किंवा खात्रीच्या दुकानातून घेतलेले बरे.

लावताना हात आवरता घ्यावा, हेच या पत्रात मला सर्वांत तळमळीने सांगायचे आहे. सुपारीएवढा मेणाचा गोळा सुती फडक्याच्या दुहेरी घडीत ठेवावा, फडके दाबले की मेण विणीतून जेवढे झिरपेल तेवढेच जमिनीला लागू द्यावे. तो गोळा दोन-अडीच फूट लांबी-रुंदीच्या जागेला पुरला पाहिजे. प्रथम गोल फिरवून छिद्रांत मेण भरावे आणि शेवटचा हात रेषांच्या दिशेने द्यावा. तिरप्या उजेडात पाहिले असता मेणाचे ढीग किंवा पट्टे दिसू नयेत, नुसता हलका धूसरपणा दिसावा. वीस ते तीस मिनिटांत तो धूसरपणा कोरडा होतो; मग कोरड्या लोकरी कापडाने घासायला घ्यावे. भाड्याने जमीन घासण्याचे मशिन मिळाले तर मऊ ब्रश लावून ते वापरावे. नसेल तर दोन विटांना जुन्या कांबळ्याचे चार पदर घट्ट गुंडाळून, दोरी बांधून, रेषांच्या दिशेने पुढे-मागे ओढावे. चकाकी मेणाच्या जाडीतून येत नाही, ती वजन आणि घर्षणातून येते. बोट ओढल्यावर रेघ उमटली नाही, म्हणजे घासणे पुरे झाले. दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यावा. करड्या वाटेवर आणि खिडकीखालच्या फळ्यांवर आणखी दोन दिवसांनी तिसरा द्यावा, लाखेचे अस्तर असेल तर बाकी खोलीला तो देऊ नये.

घरात वयस्कर माणसे असतील तर घसरण्याची भीती वाटणे साहजिक आहे. घसरते ते जाड, न घासलेले मेण. पातळ आणि नीट घासलेले मेण पायाला धरते. तरीही नुसत्या मोज्यांनी चालणे टाळावे आणि पलंगापुढच्या सतरंजीखाली रबरी जाळी घालावी.

पुढची निगा सोपी आहे, परंतु ती घरातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. काम करणाऱ्या मावशींना दोष देण्याचे काहीच कारण नाही. खाली फरशीला योग्य ते वर लाकडाला अयोग्य, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. वरच्या खोल्यांसाठी वेगळा कोरडा मॉप किंवा मऊ सुती फडके ठेवावे, त्याचा रंग वेगळा असावा, आणि लाकडाला पाणी का चालत नाही हे त्यांना एकदा त्या काळ्या फळ्या दाखवून समजावून सांगावे. पाणी सांडले तर तेव्हाच टिपावे. दारात काथ्याचे पायपुसणे ठेवावे, कारण बाहेरची वाळू मेणाचा खरा शत्रू आहे. महिन्या-दोन महिन्यांनी विटेचे कांबळे फिरवले तरी तेज परत येते; त्यासाठी नवे मेण लागत नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, फक्त चालण्याच्या वाटेला एक पातळ हात द्यावा. सबंध खोलीला तो दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतो, आणि कपाटाखाली तर कधीच द्यावा लागत नाही. दर दिवाळीला सगळ्या खोलीवर मेण चढवायचे असेल, तर आधी जुने उतरवण्याचीही तयारी हवी.

शेवटच्या हातानंतर जमिनीला निदान तीन दिवस विश्रांती द्यावी आणि जड सामान आठवडाभर तरी बाहेरच ठेवावे. पलंग आणि आजींचे कपाट परत आणताना ते ओढू नये. चौघांनी उचलून आणावे, आणि टेकवण्यापूर्वी प्रत्येक पायाखाली नमद्याची चकती चिकटवावी. कपाटाखालची ती तळहाताएवढी परीक्षेची जागा मात्र सामान ठेवण्याआधी एकदा पाहून घ्यावी. तेथील मेण बाकी जमिनीशी रंगाने जुळले असेल, तर काम नीट झाले आहे. तेथे ते अधिक गडद किंवा चिकट लागले, तर त्या कोपऱ्यात जुने मेण राहिले आहे, आणि तेवढाच भाग पुन्हा उतरवून घ्यावा.

आपला,
सदरलेखक